वॉर्म व्हाइट माळांच्या दोन खेपा : रंग कसा जुळवावा?

गच्चीवाले

नमस्कार. पुण्यातील आमच्या सोसायटीत दोन विंगा आहेत आणि वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत दोन्ही इमारतींच्या गच्चीच्या कठड्यावरून दिव्यांच्या माळा सोडण्याची आमच्याकडे पद्धत आहे. गेल्या वर्षी समितीने रंगीबेरंगी माळा बंद करून सगळीकडे एकाच रंगाच्या, म्हणजे वॉर्म व्हाइट माळा लावायचे ठरवले आणि निधी बेताचा असल्यामुळे फक्त अ विंगेपुरत्या माळा घेतल्या. या वर्षी त्याच दुकानातून, त्याच छापाच्या खोक्यातील आणि तितक्याच लांबीच्या माळा ब विंगेसाठी आणल्या. खोक्यावरील मजकुरात एका अक्षराचाही फरक नाही. मात्र चाचणीसाठी दोन्ही विंगांच्या माळा एकदम लावल्या, तेव्हा अ विंग हिरवट पिवळी आणि ब विंग गुलाबीकडे झुकलेली दिसली. रस्त्यावरून पाहणाऱ्या कोणालाही दोन इमारतींची सजावट वेगवेगळ्या वर्षांची आहे हे सहज कळेल, इतका हा फरक स्पष्ट आहे.

माळा थेट २३० व्होल्टच्या प्लगला लागणाऱ्या, सोबत आठ प्रकारे उघडझाप करणारा डबा असलेल्या आणि पारदर्शक वायरच्या आहेत. आम्ही उघडझाप बंद ठेवून त्या स्थिर लावतो. नव्या माळा जुन्यांपेक्षा थोड्या प्रखरही वाटतात, त्यामुळे फरक रंगाचा किती आणि उजेडाचा किती, हे मला नीट सांगता येत नाही. प्रवेशद्वाराच्या कमानीवर मात्र अजून रंगीत माळा आहेत आणि तेथे जुन्या व नव्या माळांतील हिरव्या रंगात तर याहूनही मोठा फरक आहे : जुना हिरवा पोपटी, नवा पाचूसारखा.

असा फरक का पडतो, घरच्या घरी तो कमी करता येतो का, आणि पुढच्या वेळी दुकानात नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी सांगावे. सगळ्या माळा टाकून नव्या घेणे समितीला मान्य होणार नाही.

रोहित्र

खोक्यावर छापलेल्या ‘वॉर्म व्हाइट’ या वर्णनात रंगांचा बराच मोठा पट्टा सामावतो, त्यामुळे तुमच्या दोन्ही खेपा वर्णनाप्रमाणे बरोबर असूनही एकमेकींशी न जुळणाऱ्या असू शकतात. हे समजण्यासाठी पांढरा एलईडी कसा तयार होतो ते पाहावे लागेल.

पांढरा एलईडी आतून निळा असतो. गॅलियम नायट्राइड वर्गातील पदार्थाची त्याची चिप सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश देते आणि चिपवर फॉस्फरचा, बहुधा सिरियम मिसळलेल्या यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटचा, थर दिलेला असतो. हा थर निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून पिवळा प्रकाश बाहेर टाकतो, आणि उरलेला निळा व नवा पिवळा मिळून डोळ्याला पांढरे दिसते. उबदार छटा हवी असेल तर फॉस्फरचे प्रमाण वाढवतात आणि त्यात लाल प्रकाश देणारे दुसरे फॉस्फर मिसळतात. म्हणजे चिपची नेमकी तरंगलांबी, थराची जाडी आणि दोन फॉस्फरांचे परस्पर प्रमाण, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या तरच रंग ठरल्याप्रमाणे येतो. कारखान्यात एकाच दिवशी तयार झालेल्या दिव्यांतही त्या तंतोतंत साधत नाहीत. म्हणून उत्पादक प्रत्येक दिवा मोजून त्याच्या रंगानुसार वेगवेगळ्या गटांत टाकतात. या गटांना ‘बिन’ म्हणतात. अरुंद बिनमधील दिवे महाग पडतात आणि ते दुकाने, संग्रहालये, हॉटेले यांच्या प्रकाशयोजनेसाठी जातात. सणासुदीच्या स्वस्त माळांसाठी अरुंद बिनची अट कोणी घालत असेल, असे मला तरी वाटत नाही.

आता या फरकाचे मोजमाप. डेव्हिड मॅकॲडम या शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये रंगांच्या आलेखावर २५ रंगांभोवती, डोळ्याला भेद न कळणाऱ्या क्षेत्रांच्या लंबवर्तुळाकार मर्यादा आखून दाखवल्या. आजही दिव्यांच्या रंगातील फरक या लंबवर्तुळांच्या पायऱ्यांत सांगतात. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन दिव्यांतील फरक साधारण तीन पायऱ्यांच्या आसपास डोळ्याला जाणवू लागतो. अमेरिकेत २००८ मध्ये आलेल्या सी ७८.३७७ या मानकातील मूळ चौकटी मात्र सुमारे सात पायऱ्यांएवढ्या आहेत. केल्विन हे पांढऱ्या छटेचे माप आहे, आकडा जितका लहान तितकी छटा पिवळट. त्यानुसार २५८० ते २८७० केल्विनमधील कोणत्याही दिव्यावर ‘२७०० केल्विन’ असे लिहिता येते आणि २८७० ते ३२२० केल्विनमधील दिव्यावर ‘३००० केल्विन’ असे.

केल्विनचे आकडे येथे थोडे फसवे आहेत. डोळ्याला जाणवणारा फरक मोजायचा असेल तर दहा लाखांना त्या आकड्याने भागावे. या भागाकाराला ‘मायरेड’ म्हणतात. ६००० आणि ६५०० केल्विनमध्ये ५०० केल्विनचे अंतर आहे, पण मायरेडमध्ये ते १६७ उणे १५४, म्हणजे अवघे १३ भरते. २७०० आणि ३००० मध्ये केवळ ३०० केल्विनचे अंतर असूनही ते ३७ मायरेड होते. समोरासमोर पाहताना पाच-साडेपाच मायरेडचा फरकही ओळखू येतो. मघाच्या ‘२७०० केल्विन’च्या चौकटीची दोन टोके आपापसांत सुमारे ३९ मायरेड लांब आहेत, यावरून काटेकोर लेबल लावलेले दोन दिवेही किती वेगळे दिसू शकतील याचा अंदाज येईल. उबदार छटेच्या माळा जुळवणे दुधाळ पांढऱ्या माळा जुळवण्यापेक्षा अवघड का, त्याचे कारणही हेच.

तुम्ही ‘हिरवट’ आणि ‘गुलाबी’ असे शब्द वापरलेत, हे निदानाच्या दृष्टीने फार उपयोगाचे आहे. केल्विनचा आकडा फक्त पिवळट ते निळसर या दिशेने दिवा कुठे बसतो ते सांगतो. रंगांच्या आलेखावर तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा जो आदर्श वक्र असतो, त्याच्या वर गेलेला दिवा हिरवट आणि खाली गेलेला गुलाबी दिसतो, आणि या वर-खाली सरकण्याचा खोक्यावर कोठेही उल्लेख नसतो. दोन माळा अगदी २७०० केल्विनच्याच असल्या तरी एक वक्राच्या वर व दुसरी खाली असेल, तर तुम्ही वर्णन केलेलेच दृश्य दिसेल.

विंगेतून

मी नाटकांची प्रकाशयोजना करतो. रोहित्र यांनी कारणमीमांसा पूर्ण केली आहे, म्हणून मी थेट पाहण्याच्या आणि लावण्याच्या पद्धतीकडे येतो.

आधी फरक किती आहे ते नीट पाहावे, आणि तो गच्चीवरच्या माळांकडे बघून कळत नाही. उघडा दिवा इतका प्रखर असतो की डोळ्याला त्याच्या मध्यभागी निव्वळ पांढरा ठिपका दिसतो, आणि जी माळ अधिक प्रखर ती आपोआप अधिक पांढरी वाटते. अंधाऱ्या खोलीत जुन्या माळेतील आठ-दहा दिव्यांचा एक झुबका आणि नव्या माळेतील तेवढ्याच दिव्यांचा दुसरा झुबका करून दोन्ही बटर पेपरच्या एकाच तावामागे, पेपरपासून सारख्याच अंतरावर धरावेत. पेपरवर दोन प्रकाशित डाग दिसतील. त्यांतील प्रखर झुबका मागे सरकवत न्यावा आणि दोन्ही डागांचा उजेड सारखा झाला की मग रंग पाहावा. बऱ्याचदा निम्मी तक्रार येथेच मिटते, कारण रंगाचा म्हणून जो फरक वाटत होता तो उजेडाचा निघतो. फोनच्या कॅमेऱ्यावर विसंबायचे असेल तर दोन्ही डाग एकाच छायाचित्रात घ्यावेत आणि प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर बांधून ठेवावा. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स प्रत्येक छायाचित्रात रंग स्वतःच्या मताने दुरुस्त करतो.

दुसरी गोष्ट दिव्याच्या तोंडाची. गोल टोकाच्या छोट्या एलईडीत फॉस्फरचा थर सर्व दिशांना सारखा नसतो, त्यामुळे समोरून पाहिले तर प्रकाश थोडा निळसर आणि बाजूने पाहिले तर पिवळट दिसतो. एका विंगेवर दिवे रस्त्याकडे तोंड करून बांधले असतील आणि दुसरीवर माळ नुसती कठड्यावरून लोंबत सोडली असेल, तर एकाच खोक्यातील माळाही दोन रंगांच्या वाटतील. भिंतीचेही पाहा. माळेतून थेट डोळ्यात येणारा प्रकाश आणि भिंतीवरून उसळून येणारा प्रकाश यांचे मिश्रण आपण पाहत असतो. एका विंगेचा रंग क्रीम आणि दुसरीचा राखाडी असेल, तर निम्मा फरक रंगाऱ्याने करून ठेवलेला असतो.

आता मांडणी. डोळा शेजारच्या रंगांची तुलना फार बारकाईने करतो, पण आठवणीतल्या रंगाशी तुलना करण्यात अगदी कच्चा असतो. म्हणून दोन खेपा जेथे एकमेकींना भिडतात ती सीमारेषा लपवणे हे खरे काम आहे. दोन सरळ रेषा एकाच उंचीवर समोरासमोर आणल्या की फरक ओरडून सांगितल्यासारखा दिसतो. त्याऐवजी जुनी खेप दोन्ही विंगांच्या गच्चीच्या कठड्यावर आणि नवी खेप दोन्ही विंगांच्या जिन्याच्या जाळीवर किंवा तळमजल्यावर लावावी. अशा मांडणीत फरक राहतो, पण तो इमारतीच्या रचनेबरोबर चालतो आणि पाहणाऱ्याला हेतुपुरस्सर केलेला वाटतो. कठडा दोन्ही खेपांनीच भरायचा असेल तर एक माळ जुनी, एक नवी असा क्रम ठेवू नये. त्याने पट्टे दिसतात. त्यापेक्षा इमारतीचा कोपरा गाठून खेप बदलावी आणि मध्ये काही फूट अंधार सोडावा.

अगदी मोक्याच्या जागी, समजा कमानीवर, आणखी एक उपाय आहे, मात्र त्याला दुप्पट माळा लागतात. दोन्ही खेपांच्या माळा एकमेकींना पीळ देऊन, जुना आणि नवा दिवा जोडीने येईल असे बांधत न्यावे. चांगल्या दृष्टीचा माणूस साधारण एक कलामिनिटापर्यंतचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, भेद ओळखतो, हे अंतर ३० मीटरवरून जेमतेम नऊ मिलिमीटर भरते. एवढ्या जवळ बांधलेले दोन दिवे रस्त्यावरून एकच ठिपका दिसतात आणि त्याचा रंग दोघांच्या मधला असतो. दोन माळांतील दिव्यांचे अंतर सारखे असेल तरच हे जमते, नाहीतर जोड्या थोड्याच अंतरात सुटतात.

रंगभूमीवर आम्ही दिव्यापुढे जिलेटिन लावून रंग बदलतो, त्यामुळे ती कल्पना कोणाला तरी सुचेलच. ६५०० केल्विनचा दिवा ३२०० वर आणणारे पूर्ण नारिंगी जिलेटिन १५९ मायरेडचा बदल करते आणि त्याहून फिकी जिलेटिनेही मिळतात. इमारतीवर टाकलेल्या दोन फ्लडलाइटचा रंग जुळवायला ती उत्तम आहेत. शेकडो एलईडींच्या टोकांवर जिलेटिनच्या टोप्या चढवण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये.

सानपाडेकर

एवढ्या खोलात न जाता एक सोपा मार्ग सुचवतो. नव्या माळा प्रखर आहेत ना, मग त्यांच्या मागे पंख्याचा रेग्युलेटर बसवावा आणि उजेड थोडा उतरवावा. जुना पिवळा बल्ब मंद केला की तो अधिक तांबूस व्हायचा, तसे एलईडीचेही होईल आणि दोन्ही खेपा जवळ येतील.

रोहित्र

सानपाडेकर, उजेड उतरवण्याची कल्पना तत्त्वतः बरोबर आहे, पण त्यासाठी रेग्युलेटर वापरू नये आणि त्यातून रंग बदलण्याची अपेक्षाही ठेवू नये.

तारेच्या बल्बमध्ये प्रकाश तापमानातून येतो, म्हणून तार थंड झाली की रंग तांबूस होतो. एलईडीचा रंग चिप आणि फॉस्फर ठरवतात आणि विद्युतप्रवाह कमी केल्यावर तो जवळजवळ तसाच राहतो. मंद केलेली गुलाबी माळ ही मंद गुलाबी माळच असते. शिवाय इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधील ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचला सुरू राहण्यासाठी किमान काही प्रवाह लागतो. पंखा तेवढा घेतो, काही वॉटची माळ घेत नाही, आणि परिणामी माळ लुकलुकू लागते. माळेचा स्वतःचा उघडझापीचा डबाही वाटेत असतो, आणि दोन नियंत्रकांचे एकमेकांशी जमत नाही.

उजेडातील फरक कोठून येतो हेही सांगतो. या माळांत दिवे एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडलेले असतात. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन ते सव्वातीन व्होल्ट लागतात, म्हणून एका सरीत पुष्कळ दिवे बसतात आणि उरलेला विद्युतदाब (व्होल्टेज) रोधावर, म्हणजे रेझिस्टरवर, पडतो. सरीतील दिव्यांची संख्या किंवा रोधाचे मूल्य थोडे बदलले, तरी उरणारा दाब आणि त्याबरोबर प्रवाह बराच बदलतो. बाहेरून दोन्ही माळा सारख्या दिसत असल्या तरी आतील जोडणी वेगळी असू शकते. गेल्या वर्षीच्या माळेतील एखादा बंद पडलेला दिवा कोणी काढून तारा जोडल्या असतील, तर त्या सरीतील बाकीचे दिवे अधिक प्रवाह घेतात, अधिक तापतात आणि लवकर उतरतात. हा २३० व्होल्टचा मामला आहे. उघड्या गच्चीवर, तेही दिवाळीच्या आधी परतीच्या पावसाची शक्यता असताना, माळ कापून रोध घालण्याचे प्रयोग कोणी करू नयेत.

उजेड कमी करायचाच असेल तर माळेला हात न लावता करता येतो. प्रखर माळांचे दिवे भिंतीकडे वळवले की रस्त्यावरून थेट टोक न दिसता उसळलेला प्रकाश दिसतो आणि उजेड व रंग दोन्ही सौम्य होतात. माळेपुढे पातळ पांढऱ्या कापडाची झालर सोडूनही तेच साधते. आकाशकंदिलात कोणताही दिवा खपून जातो तो याचसाठी. तिथे डोळ्याला कागदाचा रंग दिसतो.

आता कमानीवरच्या हिरव्याबद्दल. येथे बिनचा प्रश्न नसून दिव्यातील पदार्थच वेगळा आहे. जुन्या पद्धतीचा हिरवा एलईडी गॅलियम फॉस्फाइडचा असतो आणि त्याचा प्रकाश ५६५ ते ५७० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पोपटीकडे झुकलेला असतो. नवा हिरवा इंडियम गॅलियम नायट्राइडचा, सुमारे ५२० ते ५३० नॅनोमीटरचा असतो आणि तो गडद पाचूसारखा व कितीतरी प्रखर दिसतो. हे घराणे निळ्या एलईडीचे आहे. प्रखर निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये बाजारात आणण्याजोगा केला आणि त्यामागील संशोधनासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तुमच्या कमानीवर या शोधाच्या आधीचे आणि नंतरचे तंत्र शेजारी शेजारी लटकते आहे. ते कोणत्याही युक्तीने जुळणार नाही, म्हणून जुन्या माळा एकत्र काढून दुसरीकडे लावणेच बरे.

रंगीत माळांत आणखी एक ध्यानात ठेवावे. माणसाचा डोळा पिवळ्याच्या प्रांतात, ५८० ते ५९० नॅनोमीटरच्या आसपास, फार चिकित्सक असतो. तेथे एखाद्या नॅनोमीटरचा फरकही सूक्ष्म निरीक्षणात ओळखता येतो. लाल रंगात ६२० आणि ६३० शेजारी असले तरी फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून लाल माळा बिनधास्त मिसळाव्यात आणि पिवळ्या मिसळण्याआधी लावून पाहाव्यात.

पेठेतला दुकानदार

तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लोहार चाळीत काय, ग्राहक ‘गेल्या वर्षीसारखीच द्या’ म्हणतो आणि दुकानदारही भाबडेपणाने त्याच नावाचे खोके पुढे करतो. खोक्याची छपाई वर्षानुवर्षे तीच राहते, पण आतील माल ज्याने भरला त्याला दिवे ज्या दराने मिळाले त्याप्रमाणे तो बदलत असतो. एकाच हंगामातही पहिली गाडी आणि दिवाळीच्या तोंडावर आलेली शेवटची गाडी वेगळी असू शकते. म्हणून दुकानात नावापेक्षा कार्टनकडे पाहावे. मोठ्या पुठ्ठ्याच्या पेटीवर बहुधा खेपेचा क्रमांक किंवा भरल्याची तारीख असते. सगळ्या माळा एकाच, शक्यतो न फोडलेल्या कार्टनमधून मागाव्यात आणि दोन कार्टन लागत असतील तर दोन्हींतील एकेक माळ दुकानातच शेजारी लावून दाखवायला सांगावी. याला नाही म्हणणारा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही. फक्त धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सांगू नये.

गेल्या वर्षीच्या माळेशी जुळवायचे असेल तर ती माळच घेऊन यावे. फोनमधील छायाचित्र दाखवून रंग जुळत नाही, हे विंगेतून यांनी वर लिहिलेच आहे. ‘वॉर्म व्हाइट’ आणि ‘यलो’ हे शब्द बाजारात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, त्यामुळे फोनवरून मागणी नोंदवणाऱ्यांनी विशेष जपावे. यलो म्हणून खरा पिवळा, ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा एलईडी हाती आला, तर तो वॉर्म व्हाइटशेजारी हळदीसारखा दिसतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक खोक्यावर असावा हे जरूर पाहावे, मात्र तो सुरक्षिततेसाठी आहे, रंग सारखा असल्याची हमी त्यातून मिळत नाही. आणि लागणाऱ्या संख्येपेक्षा दहा-पंधरा टक्के माळा त्याच खेपेतून जास्त घ्याव्यात, कारण पुढच्या वर्षी एखादी माळ बंद पडली की तिच्या जोडीची माळ बाजारात मिळणार नाही.

गच्चीवाले

सर्वांचे मनापासून आभार. बटर पेपरची चाचणी करून पाहिली. उजेड सारखा केल्यावर पिवळटपणातील फरक जवळजवळ नाहीसा झाला, पण हिरवट आणि गुलाबी हा फरक मात्र स्पष्ट राहिला. समितीला विंगेतून यांची मांडणी पटली आहे : जुन्या माळा दोन्ही गच्च्यांच्या कठड्यांवर आणि नव्या दोन्ही जिन्यांच्या जाळ्यांवर. जाळीच्या आत दिवे भिंतीकडे वळवता येतात, त्यामुळे नव्या माळांची प्रखरताही झाकली जाईल.

दोन शंका उरल्या आहेत. अ विंगेच्या माळा गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतरही बरेच महिने उन्हात तशाच राहिल्या होत्या; हिरवट झाक त्यामुळे आली असेल का? आणि एका सभासदाचे म्हणणे आहे की पुढे पिक्सेल माळाच घ्याव्यात, म्हणजे संगणकावरून रंग हवा तसा जुळवता येईल. त्यात कितपत तथ्य आहे?

रोहित्र

उन्हाचा परिणाम होतो. या गोल टोकांच्या दिव्यांचे आवरण इपॉक्सीचे असते. आतील निळा प्रकाश व उष्णता आणि बाहेरील अतिनील किरणे यांनी ते हळूहळू पिवळे पडते. पिवळे आवरण निळा प्रकाश अडवते आणि रंग पिवळट-हिरवटाकडे सरकतो. पारदर्शक वायर पिवळसर झाली असेल तर ती माळ बरेच ऊन खाऊन आली आहे असे समजावे. मात्र मुळात किती फरक होता आणि उन्हाने किती घातला, हे आता वेगळे काढता येणार नाही. जुन्या खेपेतील एखादी माळ वापराविना खोक्यात पडून असेल तर ती बाहेरच्या माळेशेजारी बटर पेपरमागे धरा, लगेच उलगडा होईल.

पिक्सेल माळांत प्रत्येक दिव्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन चिप असतात आणि तिन्हींची तीव्रता वेगवेगळी ठरवता येते, म्हणून एका खेपेचा निळा थोडा कमी किंवा लाल थोडा जास्त करून दोन खेपा जवळ आणता येतात. सभासदांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. अडचण वेगळीच येते. या माळा ५ किंवा १२ व्होल्टवर चालतात आणि लांब वायरीत विद्युतदाब कमी होत जातो. लाल चिपला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला तीनच्या आसपास लागतात. त्यामुळे ५ व्होल्टच्या माळेत शेपटाकडे निळा आणि हिरवा आधी मंदावतात आणि पांढरा रंग तांबूस होत जातो. ठरावीक अंतरावर मधून मधून वीज दिली नाही तर एकाच माळेच्या दोन टोकांचा रंग जुळवण्याची वेळ येते. पूर्ण वेळ एकच स्थिर उबदार रंग ठेवायचा असेल तर एवढा खर्च आणि खटाटोप मला योग्य वाटत नाही.

विंगेतून

तुमच्या चाचणीच्या निकालावर एक भर घालतो, कारण तो मांडणीच्या कामाचा आहे. अगदी लहान ठिपक्यांच्या बाबतीत डोळ्याची निळा-पिवळा हा भेद ओळखण्याची शक्ती कमी होते, हिरवा-गुलाबी भेद मात्र त्या मानाने टिकून राहतो. म्हणजे रस्त्यावरून पाहताना जो फरक आपोआप मावळला असता तो तुमच्याकडे मुळातच थोडा आहे आणि जो टिकणारा आहे तोच उरला आहे. म्हणून कठडा आणि जिना जेथे एकमेकांना भेटतात तेथे माळा एकमेकींना टेकवू नका. जिन्याची माळ कठड्याच्या निदान एक मजला खाली थांबवा आणि नव्या माळांचे एकही टोक थेट रस्त्याकडे राहणार नाही असे पाहा.

पेठेतला दुकानदार

काढताना दोन खेपा वेगवेगळ्या पोत्यांत भराव्यात आणि कार्टनवरचा खेपेचा क्रमांक व वर्ष प्रत्येक माळेच्या प्लगपाशी चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. वायरमन पुढच्या वर्षी वेगळा असतो आणि खोकी तोवर रद्दीत गेलेली असतात. माळा वाढवायच्या असतील तर दसऱ्याच्या आधी यावे. तेव्हा कार्टन न फोडलेले असतात आणि शेजारी लावून पाहायला आम्हालाही वेळ असतो.